मसाल्याच्या डब्याशेजारची बाटली

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं आठ पानांचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५१. घरी द्राक्षबाग, दोन म्हशी, सासूबाई आणि यजमान. यजमान ५६ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने तेव्हापासून वडिलांचं खाणंपिणं स्वतःकडे घेतलं आहे. ‘फ्लॅव्होनॉइड’ हा शब्द घरात आला तो त्याच्याकडूनच. दुधाचा चहा बंद झाला, ग्रीन टी आला. मग डार्क चॉकलेट आलं, गोठवलेल्या ब्लूबेरी आल्या, आणि आता महिन्याला १,८०० रुपयांची फ्लॅव्होनॉइडच्या कॅप्सूलची बाटली मसाल्याच्या डब्याशेजारी उभी आहे. यजमान चहावाचून चिडचिडे झालेत. मेव्हणे म्हणतात, रोज थोडी रेड वाइन द्या. भगिनी लिहितात : ‘मुलाचं ऐकावं की ह्यांचं, कळत नाही. रात्री झोप लागत नाही. सारखं वाटतं, हे सगळं मी आधीपासून खायला घातलं असतं तर अ‍ॅटॅक आलाच नसता. एवढी वर्षं मी नुसतं भाकरी-कालवण वाढलं.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय कॅप्सूलबद्दल आणि चहाबद्दल. त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. पण पाचव्या पानावर जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहून गेलात : ‘कॅप्सूल सुरू झाल्यापासून हे कोलेस्टेरॉलची गोळी दिवसाआड घेतात. म्हणतात, दोन्ही कशाला, ही तर झाडपाल्याची आहे.’ मुलाला हे ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. ताई, अख्ख्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट हीच आहे. डॉक्टरांनी रोज सांगितली असेल तर ती गोळी आज रात्रीपासून रोजची करा आणि मग पुढचं वाचा. मधल्या काळात किती चुकल्या, तेही डॉक्टरांना फोन करून सांगा.

त्या गोळीमागे लाखाहून जास्त माणसांवर झालेल्या चाचण्या आहेत. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे रिपोर्टवर ‘एलडीएल’ लिहिलेलं असतं ते, त्या रिपोर्टवरच्या आकड्यात (मिलिग्रॅम/डेसिलिटर) साधारण ३९ ने खाली आलं की हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकसारख्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. फ्लॅव्होनॉइडच्या कोणत्याही कॅप्सूलने असं काही करून दाखवलेलं नाही. आणि रक्त पातळ राहण्याच्या ज्या गोळ्या आहेत, त्या तर डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नसतात. अ‍ॅटॅकनंतर दोन प्रकारच्या गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. त्या मधेच सोडल्या तर स्टेंटच्या जाळीत गुठळी होऊ शकते. त्यांनी त्याही चुकवल्यात का, हे पत्रात नाही. गोळ्यांची पाकिटं काढून रिकामी घरं मोजा, लगेच कळेल.

आता त्या शब्दाकडे येऊ. फ्लॅव्होनॉइड म्हणजे झाडं स्वतःसाठी तयार करतात ती द्रव्यं. जांभळाचा जांभळा रंग, आमसुलाचा लाल रंग, चहाचा तुरटपणा, मोसंबीच्या पांढऱ्या सालीचा कडवटपणा, यांत ती असतात. प्रकार हजारो आहेत. १९३६ च्या सुमारास हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ती लिंबात आणि मिरचीत सापडली, तेव्हा त्यांनी त्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं होतं. पुढे ते नाव मागे पडलं, कारण व्हिटॅमिन कमी पडलं की जसा ठरावीक आजार होतो तसा ही द्रव्यं न मिळाल्याने होत नाही. मुलाला वाटतंय की वडिलांच्या शरीरात कशाची तरी कमतरता होती आणि ती आता भरून काढायची आहे. हा विचार इथेच थोडा बाजूला ठेवू या. ही भरून काढायची कमतरता नव्हे.

मग हृदयाशी त्यांचा संबंध जोडला कुणी? नेदरलँड्समधल्या झुटफेन नावाच्या गावात ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांचा आहार १९८५ मध्ये नोंदवला गेला आणि पुढची पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या खाण्यात फ्लॅव्होनॉइड सगळ्यात जास्त होती त्या एक तृतीयांश माणसांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात कमी खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. जगभर या विषयाला तिथून जोर आला. पण ताई, मला तुम्हाला दाखवायची आहे ती दुसरी गोष्ट. ती माणसं रोज सरासरी २६ मिलिग्रॅम फ्लॅव्होनॉइड खात होती (त्या अभ्यासात त्यांचे पाचच प्रकार मोजले होते), आणि तीही कुठून, तर ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून आणि १० टक्के सफरचंदातून. ज्या अभ्यासाने हे सगळं सुरू झालं त्यातली माणसं चहा पिणारी आणि कांदा खाणारी साधी म्हातारी माणसं होती. तुम्ही ‘नुसतं भाकरी-कालवण’ लिहिलंत ना, ते वाचून मला वाईट वाटलं. त्या कालवणात रोज दोन कांदे होते.

एवढं सांगून मी हेही सांगायला हवं की अशा अभ्यासांवर किती भार टाकायचा त्याला मर्यादा आहे. त्या पाच वर्षांत झुटफेनमध्ये हृदयविकाराने गेलेले होते ४३ जण. आकडा लहान आहे. शिवाय जी माणसं फळं-भाज्या जास्त खातात ती बऱ्याचदा तंबाखूपासून दूर असतात, जास्त चालतात, त्यांचं बरं चाललेलं असतं. गुण कशाचा, हे सुटं करणं अवघड जातं. वेल्समधल्या केरफिली गावात असाच अभ्यास झाला, जवळजवळ १,९०० पुरुषांचा, १४ वर्षं. तिथेही फ्लॅव्होनॉइड मुख्यतः चहातून येत होती, पण हृदयाला काही फायदा दिसला नाही. १९९७ मध्ये हे छापून आल्यावर एक शंका निघाली : वेल्सची माणसं चहात दूध घालतात, म्हणून तर नसेल?

तुमच्या घरात चहावरून जो तंटा चाललाय तो नेमका इथून आलाय. मुलाने कुठेतरी वाचलं असणार की दूध चहाचा गुण मारतं. बर्लिनमध्ये २००७ मध्ये १६ बायकांवर एक प्रयोग झाला होता. काळ्या चहाने रक्तवाहिनी सैल होण्याची क्षमता वाढली आणि दूध घातल्यावर तो परिणाम गेला, असं त्यात दिसलं. पण दूध घातलं तरी चहातली ही द्रव्यं रक्तात तेवढीच पोचतात, असंही दुसऱ्या प्रयोगांत दिसलेलं आहे. अशा अर्धवट पुराव्यावर मी ५६ वर्षांच्या माणसाचा सकाळचा चहा काढून घेणार नाही. तुम्ही लिहिलंय की ते चार कप प्यायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. चहाचं दुखणं हे आहे. दोन वेळचा चहा त्यांना परत द्या, दूध घालून द्या, साखर महिन्याभरात अर्ध्या चमच्यावर आणा. एकदम बंद केली तर ते शेजारी जाऊन पितील, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ग्रीन टी त्यांना आवडत असेल तर प्यावा, नसेल आवडत तर तो डबा मुलाला परत पाठवा.

कॅप्सूलबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. तुम्ही बाटलीवरचा मजकूर उतरवून पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावर ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’चा मोठा आकडा आहे. असे आकडे परीक्षानळीत मोजतात. खाल्लेल्या फ्लॅव्होनॉइडचा फारच थोडा भाग जशाच्या तसा रक्तात पोचतो. बराचसा मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्याचं रूप पालटतात आणि मग ते रूप शरीरात फिरतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याचा काही चांगला परिणाम होत असावा, असा आजचा कल आहे. परीक्षानळीतल्या आकड्याचा त्याच्याशी संबंध लावता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांचा तक्ता प्रसिद्ध केला होता, तो २०१२ मध्ये स्वतःहून काढून टाकला. कारण त्या आकड्यांचा वापर माल खपवायला होऊ लागला होता.

बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ असंही लिहिलंय. डेन्मार्कमध्ये ५६,००० माणसांवर २३ वर्षं लक्ष ठेवून २०१९ मध्ये जे छापलं गेलं त्यात असं दिसलं की दिवसाला साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंत मृत्यूचं प्रमाण उतरत जातं आणि तिथून पुढे रेघ सपाट होते. तेही रोजच्या खाण्यातून मिळालेल्या फ्लॅव्होनॉइडचं मोजमाप होतं, कॅप्सूलचं नव्हे. गोळीच्या रूपात सगळ्यात मोठी चाचणी झाली ती कोकोच्या अर्काची, अमेरिकेत, २१,००० हून जास्त ज्येष्ठांवर. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये खात्रीने म्हणता येईल असा फरक पडला नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र अर्क घेणाऱ्यांत २७ टक्के कमी दिसले. ही आशेची गोष्ट आहे, मी ती झाकून ठेवणार नाही. पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता, तिला चॉकलेटच्या एका मोठ्या कंपनीचीही मदत होती, आणि मुख्य म्हणजे दुकानातलं डार्क चॉकलेट म्हणजे तो अर्क नव्हे. कोकोवर क्षाराची प्रक्रिया झाली की ही द्रव्यं बरीच नाहीशी होतात. साखर आणि चरबी तेवढी उरते.

खाण्यातली चांगली वस्तू बाटलीत भरली की चांगलीच राहते, हे मानण्याआधी फिनलंडची आठवण ठेवा. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो म्हणून तिथे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्या भाज्यांतल्या बीटा-कॅरोटीन नावाच्या द्रव्याच्या गोळ्यांची चाचणी केली. १९९४ मध्ये उत्तर आलं : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. बीटा-कॅरोटीन फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण चूक तीच होऊ शकते. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल असतात, त्यांबद्दलही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला की त्यातलं मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. कपातला ग्रीन टी वेगळा, हा अर्क वेगळा. तुमच्या यजमानांच्या पोटात आधीच चार-पाच औषधं रोज जातात. त्यात पाचवी-सहावी वस्तू डॉक्टरांना न दाखवता घालू नका. पुढच्या भेटीला बाटली पिशवीत टाकून न्या. तोवर ती बंद ठेवलीत तर काहीही बिघडणार नाही. ग्रेपफ्रूटचंही सांगून ठेवते : ते कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि आपलं पपनस त्याच्याच कुळातलं आहे. तेही विचारून घ्या.

मेव्हण्यांच्या वाइनचा निकाल एका ओळीत लागतो. वाइनमधल्या ज्या द्रव्याचं कौतुक होतं ते रेस्व्हेराट्रॉल फ्लॅव्होनॉइड नाही, आणि दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. न पिणाऱ्या माणसाला औषध म्हणून ती सुरू करायचं काहीही कारण नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात एकदा मी बसले असते तर तुमच्यासमोर एक लाल कांदा घेतला असता. वरचं कागदासारखं टरफल काढायचं. त्याखाली जो जाड, गुलाबीसर पापुद्रा असतो, घाईत आपण तोही ओढून टाकतो, कारण तो जरा चिवट असतो. कांद्यातलं क्वेर्सेटिन नावाचं फ्लॅव्होनॉइड सगळ्यात जास्त असतं ते त्या बाहेरच्या पापुद्र्यांत. आत पांढऱ्या गाभ्याकडे जाल तसं ते कमी होतं. बाटलीच्या लेबलवर पहिलं नाव त्याचंच आहे. तेव्हा तो पापुद्रा टाकू नका, बारीक चिरून फोडणीत घाला. शिजवताना यातलं काही पाण्यात उतरतं, पण तुम्ही रस्सा करता, पाणी ओतून देत नाही. शेंगदाण्याचा कूट करताना भाजलेल्या दाण्यांची लाल सालं आपण पाखडून उडवतो. त्या सालांतही ही द्रव्यं असतात. चटणी सालांसकट कुटा, किंचित तुरट लागेल, पण चालते.

आणि ब्लूबेरी! ताई, तुमच्या बागेत दोन ओळी काळ्या शरद सीडलेसच्या आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तो काळा रंग ज्या द्रव्यांचा आहे त्याच जातीची द्रव्यं ब्लूबेरीत असतात, आणि ती सालीत असतात. यजमानांना साखरेचा आजार नाही म्हणता, तर हंगामात एक वाटी द्राक्षं नीट धुऊन खाऊ द्या. औषध फवारल्यानंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस तुम्ही बाजारासाठी पाळता, तेच घरच्या घडालाही पाळा. बेदाणा मात्र मूठभर नको, चमचाभर पुरे, कारण त्यात साखर आटलेली असते. द्राक्षं संपली की जांभळं येतात, मग पेरू, आटपाडीकडची डाळिंबं, बोरं. फळं आणि भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम, एवढं धरलं तरी खूप झालं. महिन्याच्या १,८०० रुपयांत घरातल्या तिघांचीही बरीचशी फळं येतील.

सोबत मिठाकडे बघा. लोणचं, पापड, खारवलेली मिरची यांचा ताटातला डावा कोपरा जड असेल तर एवढी फळं खाऊनही रक्तदाब खाली येणार नाही.

आता त्या रात्रीच्या विचाराबद्दल. २००४ मध्ये ५२ देशांतल्या हार्ट अ‍ॅटॅकच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापला गेला, त्यात आपल्या देशातलेही रुग्ण होते. नऊ बाबींशी बहुतेक सगळा धोका जोडलेला आहे असं त्यात दिसलं : तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. नऊपैकी ताटाशी थेट जोडलेलं फळं-भाज्यांचं एक. बाकीच्यांतलं तुमच्या हातात काय होतं? सातव्या पानावर तुम्ही लिहिता, ‘तंबाखूची चिमूट तेवढी अजून सुटली नाही, पण ती काही सिगारेट नव्हे.’ ताई, त्याच अभ्यासाच्या २००६ च्या भागात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना अ‍ॅटॅकचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. चुना मळून गालात ठेवलेली ती चिमूट आणि दिवसाआड झालेली गोळी, या दोन गोष्टींपुढे ब्लूबेरी आणि कॅप्सूल यांचा हिशोब फार लहान आहे. तुम्ही वाढलेल्या जेवणामुळे अ‍ॅटॅक आला, असं कुठलाही अभ्यास म्हणू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ‘असं केलं असतं तर’ याचं उत्तर विज्ञानाकडे नसतं. आणि खाणारा माणूस ५६ वर्षांचा आहे. त्याच्या तोंडात काय गेलं याची सगळी जबाबदारी चुलीपाशी बसलेल्या बाईवर टाकणं मला मान्य नाही, ती तुम्ही स्वतः टाकत असलात तरी.

मुलाशी कसं बोलायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तो घाबरलेला आहे. अ‍ॅटॅकच्या रात्री तो पुण्यात होता, पोचायला पहाट झाली, हे तुम्हीच लिहिलंय. रोज जवळ बसता येत नाही म्हणून तो वस्तू पाठवतो. बाटली परत करताना त्याला दुसरं काम द्या, म्हणजे त्याला आपण नको झालो असं वाटणार नाही. रोज रात्री नऊला त्याने वडिलांना फोन करावा आणि फोनवर असतानाच त्यांनी गोळी घ्यावी. दिवसाआडचं त्याला सांगून टाका. वडिलांची तक्रार म्हणून सांगू नका, ‘माझ्याच्याने एकटीने होत नाही’ असं सांगा, कारण खरं तेच आहे. तंबाखू सोडायला सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तिथे पहिला फोन बाप-लेकांनी मिळून करावा. यजमान ऐकणारच नाहीत असं तुम्हाला वाटतंय. पण चहा परत मिळाल्यावर माणूस दुसरी गोष्ट ऐकायला तयार होतो, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

एक राहिलं. आठव्या पानावर, सही करण्याआधी, तुम्ही लिहिलंय : ‘माझं काय, मी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. हल्ली गोठ्याकडून चढ चढताना धाप लागते, पण ते वयाचं.’ ताई, ते वयाचं आहे हे तपासल्याशिवाय कुणालाही म्हणता येणार नाही. पाळी गेल्यानंतर बायकांचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो, आणि बायकांमध्ये तो छातीत कळ येण्याऐवजी धाप, थकवा, पाठ किंवा जबडा दुखणं अशा रूपातही दिसतो. नुसता रक्तक्षय असेल, काहीच नसेलही. पण फळांची वाटी घरात येईल तेव्हा ती तीन ताटांत विभागा, आणि जेवायला त्यांच्याबरोबर बसा. यजमानांच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणता. तेवढं थांबू नका, याच आठवड्यात दवाखान्यात जा. खिडकीवर दोन केसपेपर काढा, त्यातला पहिला तुमच्या नावाचा.